कुलूपबंद वाडीची पोलीस पाटील

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे. चैत्रात तिथला झरा आटतो आणि अख्खी वाडी दारांना कुलपं लावून गुराढोरांसकट खाली सावित्रीच्या काठावर उतरते. खोपी घालून राहते, पावसाच्या तोंडावर पुन्हा वर जाते. तालुक्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण कचेरीतल्या माणसाने विचारायला तर हवं!

या वाडीची पोलीस पाटील होती बायजा. विधवा, सहावी पास, तोंडाची फटकळ. चोरी होवो की कोणी कड्यावरून पडो, ठाण्यात वर्दी द्यायला तीच जायची. तिचा चुलत दीर चांगू याला ती जागा आपल्या मुलासाठी, राजूसाठी हवी होती. सत्त्याण्णवच्या वैशाखात त्याने प्रांतसाहेबांकडे अर्ज ठोकला, की पाटलीण गावात राहतच नाही. साहेब कधी नव्हे ते डोंगर चढले. बायजाच्या दाराला कुलूप. शेजारपाजारच्या सगळ्या दारांनाही कुलूपच होतं, ते मात्र साहेबांच्या डोळ्यांत शिरलं नाही. ना विचारलं, ना बोलावलं, थेट पदावरून काढल्याचा हुकूम आला.

बायजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पद गेलं ते गेलंच, पण गाव टाकून गेली हा शिक्का तिला सहन होईना. महाडच्या वकिलांनी सांगितलं, असली प्रकरणं मुंबईला प्रशासकीय न्यायाधिकरणात चालतात. मग वीर स्टेशनवरून तिच्या मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. म्हशी शेजारणीच्या भरवशावर टाकून ही जायची आणि तिथे सरकारी वकील मुदत मागून मोकळे व्हायचे. तिच्या वकिलांनी सुचवलं, त्या दिवशी दवाखान्यात होते म्हणा, सोपं जाईल.

ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू? मी नदीवरच व्हते. सगळी वाडी नदीवर व्हती. गाव जितं, पाटील तितं."

तीन वर्षांनी निकाल लागला. बाईंचं म्हणणं न ऐकता काढलं, सबब हुकूम रद्द, पुन्हा पदावर घ्यावं. वकील खूश झाले. बायजाने विचारलं, मी गावातच राहते असं त्यात म्हटलंय का? त्या प्रश्नात शिरायची गरजच पडली नाही, असं ते म्हणाले. म्हणजे पद मिळालं आणि शिक्का तसाच! जिना उतरताना तिने साऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि खरं सांगायचं तर त्या कमीच पडल्या.

पुढच्या चैत्रात वाडी नदीवर उतरली आणि चांगूचीच दुभती म्हैस चोरीला गेली. मान खाली घालून तो बायजाच्या खोपीपुढे उभा राहिला. वाडी गोळा झाली. बायजाने पदर खोचला, ठाण्याकडे निघाली आणि थांबली.

"भावजी, म्हस गेली कुठनं?"

"हितनंच, नदीवरनं."

"वाडीतनं नाय?"

"वाडीत कोण हाय आता, वयनी? चैतात सगळीच हितं."

"आणि साहेब चढला त्या वर्षी?"

तो पुटपुटला, "तवाबी सगळी हितंच. तुमीबी."

"मोठ्यानं बोला."

तो मोठ्याने बोलला. सगळ्या वाडीने ऐकलं. बायजा त्याच्या म्हशीची वर्दी द्यायला पोलादपूरच्या वाटेला लागली. राग तिचा तरीही उतरला नव्हता.