रिकामी गेलेली सीट

लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघाले तेव्हा गेटताई आणि त्यांचे यजमान एकत्र पोचलेच नाहीत. पास विमान कंपनीचा, नवरा-बायकोला मिळणारा, पण त्यावर जागा मिळणार ती तिकीटवाले सगळे बसून काही उरली तर. त्या दिवशी उरली एक. "तुम्ही व्हा पुढे," म्हणत ताईंनी नवऱ्याला पाठवून दिलं आणि आपण दुसऱ्या दिवशी उगवल्या. हॉटेलचा मॅनेजर म्हणे मधुचंद्राच्या खोलीची किल्ली हातात ठेवताना नवरोबांच्या पाठीमागे वाकून वाकून बघत होता. यजमान बँकेतून निवृत्त होऊन म्हातारे झाले तरी हा किस्सा त्यांना पुरून उरला आहे.

ताईंचं अख्खं घर असंच फिरलं. चौघं कधी एका विमानातून गेली नाहीत, गेली तर एका रांगेत बसली नाहीत. तिकीट विकत घ्यायचं असतं हे त्या घराला ठाऊकच नव्हतं म्हणा ना. शेजारणी हेवा करायच्या. त्यांना विमानतळावरच्या खुर्च्यांवर बसून आंबलेली पाठ कुठे दिसत होती!

ताईंची नोकरी विमानाच्या गेटवरची. माईकवरून नावं पुकारायची, पास बघायचे, उशिरा धावत येणाऱ्यांच्या तोंडावर दार लावायचं. शेवटचं काम कुणालाच आवडत नाही. ताई ते न चिडता, न विरघळता करायच्या. यादी बंद म्हणजे बंद. समोरच्याने हात जोडले तरी त्या शांतपणे म्हणायच्या, "मी समजू शकते, पण आता नाही." सामान वाहणाऱ्या मंडळींनी त्यांना गेटताई नाव ठेवलं आणि ते आडनावासारखं चिकटलं.

निवृत्तीनंतरही वर्षाला काही पास आणि काही सवलतीची तिकिटं मिळतात. दोन्ही उरल्या जागेवरची. आधी नोकरीत असलेले, मग निवृत्त, आणि निवृत्तांत जो आधी नोकरीला लागला तो आधी. गेटजवळ खांबाला लागून खुर्च्यांची एक ओळ आहे, तिथे ही पांढऱ्या केसांची मंडळी इस्त्रीचे कपडे घालून बसलेली असतात, कारण पासवर जाणाऱ्याने नीटनेटकं दिसायचं हा नियम हाडीमाशी खिळलेला. तिथला आणखी एक रिवाज आहे, तो कुठे लिहिलेला नाही. कुणी कुणाला कशासाठी निघालात हे विचारायचं नाही आणि आपणहून सांगायचंही नाही. एकदा कारण कळलं की ज्याचं कारण हलकं त्याच्यावर जागा सोडायचं ओझं येतं. हवापाणी बोलावं, गुडघे बोलावेत, जुन्या साहेबांना शिव्या घालाव्यात. कारण मात्र नाही.

त्या दुपारी ताईंचं कारण होतं पडदे. लेकीने नवं घर घेतलं होतं आणि तिचा फोन आला होता, "आई, तूच ये बाई. मला रंग कळत नाहीत आणि ह्यांना तर पडदा आणि चादर यातला फरकही कळत नाही." पडदे पुढच्या आठवड्यात घेतले असते तरी लेकीच्या खिडक्या काही पळून जाणार नव्हत्या. पण मंगळवारी गर्दी कमी असते, म्हणून ताई निघाल्या. कंपनीचं त्या गावाला जाणारं दिवसातलं ते शेवटचं विमान.

थोड्या वेळाने ट्रॅक्टर आला. हा सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. आवाज इंजिनाच्या वरताण, आणि आल्या आल्या कुणाची तरी टोपी उडवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. ताई उन्हाळ्यात नोकरीला लागल्या, हा त्याच वर्षी थंडीत. म्हणजे यादीत ताईंच्या पाठोपाठ.

"काय ट्रॅक्टरराव, आज हॉर्न नाही तो?"

"बसलाय," तो एवढंच म्हणाला आणि उभाच राहिला. पायातले काळे बूट त्याला मोठे होत होते. टाचेतून पाय सुटत होता. घाईत चपलेवर निघून आला असणार आणि इथे कुणाचे तरी मागून घातले असणार. ताईंच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. सुटलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्याने फोन लावला. पलीकडे जाऊन नाही, ताईंच्या खुर्चीशेजारी उभा राहूनच.

"वहिनी, दादाला सांगा, मी विमानतळावर आहे. हो, आज संध्याकाळीच ऑपरेशनला आत घेणार म्हणून कळलं, तसाच उठलो. त्याच्या आधी येतो. नाही, फोनवर नको. समोर येऊन बोल म्हणालाय ना तो? समोरच बोलतो. एकदा घशातलं ते काढलं की आवाज कुठला राहायला... नाही हो वहिनी, पोरीच्या लग्नासारखं या वेळी नाही करणार."

पुतणीच्या लग्नाची गोष्ट सगळ्या निवृत्तांना ठाऊक होती. लग्नाचे कपडे घालून हा खांबाजवळ बसून राहिला होता, विमानं भरून गेली आणि तिकडे लग्न लागून गेलं. फुकटात यायचं होतं म्हणून आला नाही, असं म्हणून मोठ्या भावाने बोलणं टाकलं ते टाकलं. आता तोच भाऊ, आवाज असेपर्यंत, समोर ये म्हणत होता.

ताईंनी पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागल्या. हरवलेलं काहीच नव्हतं. चष्म्याची पेटी इकडची तिकडे केली, रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. फोन संपेपर्यंत मान वर केली नाही.

"एकच जागा," गेटवरच्या मुलीने पुकारलं. ही मुलगी ताईंच्याच हाताखाली शिकलेली. तिने नाव घेतलं ते ताईंचं.

ताई उठल्या. ट्रॅक्टरकडे बघून म्हणाल्या, "येते हं. तुमचंही होईल काहीतरी."

काय होणार होतं? एकच जागा होती हे आत्ताच दोघांनी ऐकलं होतं.

तो म्हणाला, "सांभाळून जा, ताई."

खिडकीची सीट मिळाली. ताईंनी पट्टा लावला, समोरचं मासिक काढलं, एका पानावरचा बदामी पडदा बघितला. बदामी बरा दिसेल. पण पश्चिमेचं ऊन आलं तर विटेल. माझा नंबर होता, मी काही कुणाचं हिसकावून घेतलं नाही. नियमाने मिळालंय. आणि विचारायचं नाही हा रिवाज काय मी एकटीने पाडला? शिवाय एखादा तिकीटवाला ऐनवेळी येत नाही, मग त्याची जागा होईल ट्रॅक्टरला. होईल की. ताई दाराकडे बघत राहिल्या. ट्रॅक्टर काही आत आला नाही. सगळी कारणं एकाहून एक बिनतोड होती, आणि एकही घशाखाली उतरत नव्हतं.

उठावं म्हणून पट्ट्यावर हात गेला, पुन्हा मांडीवर आला. असं कितीदा झालं देव जाणे. शेवटी पिशवी छातीशी धरून त्या तरातरा दाराकडे निघाल्या. हवाई सुंदरी ओळखीची होती. "ताई, काही विसरलात का?"

"हो," ताई म्हणाल्या आणि उतरल्या.

गेटवर धापा टाकत पोचल्या. "माझी जागा त्याला दे. ट्रॅक्टरला. लवकर."

मुलीने हातातले कागद बघितले, मग ताईंकडे. तिचा चेहरा पडला. "ताई, यादी बंद केली मी. वजनाचे कागद कॅप्टनकडे गेले. तुम्हाला कमी करता येईल, नवीन माणूस नाही चढवता येणार."

"अगं, दार उघडं आहे अजून!"

"तुम्हीच शिकवलंय ना, ताई? दार उघडं असलं तरी यादी बंद म्हणजे बंद." मग हळूच म्हणाली, "जरा आधी आला असतात तर..."

ताईंना वाद घालता येईना. घालणार कुणाशी? समोर त्यांचंच वाक्य उभं होतं. दार लागलं. विमान एक सीट रिकामी घेऊन मागे सरकलं, आणि ती सीट ना ट्रॅक्टरच्या कामी आली ना ताईंच्या.

ट्रॅक्टर खांबाला टेकून उभा होता. "हे काय, ताई? तुम्ही का उतरलात?"

"मी ऐकलं होतं," ताई म्हणाल्या. "तुमचा फोन. सगळा. पर्समध्ये मी काही शोधत नव्हते."

तो बुटांकडे बघत राहिला. "ऐकू जावं म्हणूनच बोललो हो. वहिनींना सकाळीच सांगून झालं होतं सगळं. पण आपल्यात सरळ मागायची सोय आहे का? म्हटलं, कानावर घालावं."

त्याच्या आवाजात राग असता तर ताईंना तो धरून तरी बसता आलं असतं.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी घरी फोन लावला. जात नाही एवढंच सांगायचं होतं, पण रडत रडत सगळं सांगून टाकलं. यजमानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग त्याला तिकीट काढून दे की."

"कसलं तिकीट?"

"अगं, विमानाचं! दुसऱ्या कंपन्यांची विमानं नाहीत का? बाकीचं जग कसं जातं असं वाटतं तुला?"

ताईंनी ट्रॅक्टरकडे बघितलं. दोघांचा जन्म विमानतळावर गेला होता, आणि दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. पुतणीच्या लग्नाच्या वेळीही नव्हतं.

"विकत? आपण?" ट्रॅक्टर म्हणाला. आणि मग दोघं पळायला लागले. तो पुढे, मोठ्या बुटांतून फटक फटक करत, ताई मागे, साडीच्या निऱ्या धरून. दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं तर ट्रॅक्टरने सवयीने नोकरीला लागल्याची तारीखही सांगितली. "ती नको, काका," तो माणूस म्हणाला, "नुसतं नाव पुरे." तिकीट ताईंनी काढलं. ते विमान सुटायला पुष्कळ वेळ होता. आधीच्या विमानाने गेला असता तर हे सुटेपर्यंत तो भावाच्या उशाशी बसला असता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला.

"पोचलो तेव्हा दादाला ऑपरेशनला न्यायला लिफ्टपाशी आणलं होतं. गुंगीचं इंजेक्शन आधीच दिलेलं. माझ्याकडे बघून बोलला काहीतरी. जीभ जड झालेली, मला ओ का ठो कळेना. मी आपला हात धरून हो दादा, हो दादा करत राहिलो."

"आणि आता?"

"आता बरा आहे. पाटीवर लिहितो. विचारलं, तेव्हा काय म्हणालास रे? तर लिहिलं, आठवत नाही." ट्रॅक्टर हसला. "शिवीच असणार. आमचा दादा दुसरं काय बोलणार?"

"हसू नका हो," ताई म्हणाल्या.

"मग काय करू, ताई?"



निवृत्तांच्या चहापाण्यात आता ही गोष्ट हटकून निघते. बसलेल्या विमानातून मित्रासाठी उतरलेली बाई म्हणून नव्या मंडळींना ताईंची ओळख करून देतात. ट्रॅक्टरनेच सगळ्यांना सांगितलं आहे, पण पर्सचा भाग गाळून. ताई दर वेळी म्हणतात, "उशिरा उतरले हो मी. फार उशिरा." त्यावर कुणीतरी म्हणतं, असं बोलायलासुद्धा मन मोठं लागतं. ट्रॅक्टर तेव्हा समोर असला तर कपातल्या चहावर फुंकर घालत बसतो. त्याचा चहा एव्हाना गार झालेला असतो.