चाकांवरची न्हाणी

रुक्मा आयुष्यात फार वेळा रागावली नाही, असं तिचा नवरा झिलू सांगत असे. एकदाच रागावली, आणि तो राग तिला जन्मभर पुरला. ज्यांनी तो प्रसंग डोळ्यांनी पाहिला, ती माणसं पुढं म्हातारी झाली तरी तिच्यासमोर घागर आपटून ठेवत नसत.

सन एकोणीसशे दहाच्या सुमाराची ही गोष्ट. रुक्मा मूळची अणशी गावची, अकराव्या वर्षी बाजारकुणंग गावात दिलेली. भाताचे तीन-चार तुकडे, दोन बैल, एक म्हैस आणि एकुलती एक लेक फुला, एवढा तिचा संसार. झिलूच्या हाताला सुतारकीची सवय होती. कुणाच्या गाडीचं चाक कुरकुरलं की गाव त्यालाच हाक मारी. भात झोडून कणगीत पडलं, की गावातले गाडीवाले बैल जुंपून जंगलात शिरत ते होळीपर्यंत. ठेकेदारानं पाडलेले ओंडके ओढून कॅसलरॉकच्या स्टेशनावर नेऊन टाकायचे, हे त्यांचं काम. बायका बरोबर असतच. त्यांनी फांद्या छाटायच्या, पेज शिजवायची आणि पाणी भरायचं.

आता जंगलातल्या त्या तळाची, त्यांच्या मुक्कामाची, व्यवस्था ऐका. बैलांना कुडाचा गोठा होता. ठेकेदाराच्या कारभाऱ्याच्या घोड्याला छप्पर होतं, आणि त्याच्या खोगिराला वेगळं छप्पर होतं. बायकांना मात्र आंघोळीला चार डहाळ्यांचाही आडोसा नव्हता. चाळीस बाप्यांच्या तळावर सात-आठ बायकांनी काय करावं? काळोख पडायची वाट बघावी. मग एकीनं पलिता धरून वाघाच्या धास्तीनं वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला उभं राहावं, दुसरीनं कसंबसं अंगावर पाणी घ्यावं, आणि पौषातल्या थंडीत ओल्या केसांनी तसंच निजावं. दिवसा पोटात कळ आली तरी सूर्य बुडेपर्यंत दात आवळून काम करावं. याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं. तळावर असंच असतं, एवढंच सगळे म्हणत.

रुक्माची जाऊ गिरजा, म्हणजे झिलूच्या धाकट्या भावाची, लखूची बायको, अशीच ओल्या केसांनी निजून निजून खोकायला लागली आणि शिमग्याच्या आधी तळावरच वारली. कृष्णाजी कारभारी खानापूरकडचा, ठेकेदाराचा उजवा हात. तो म्हणाला, जंगलाचं पाणी बाधलं. पाण्याचं नाव घेतलं की कुणाला जाब द्यावा लागत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

गिरजा गेल्याच्या पाचव्या दिवशी लाकूड पारखणारा साहेब आला. दर हंगामाला तो यायचा, दोन दिवस राहायचा. त्याच्या झोपायच्या तंबूशेजारी आंघोळीचा एक वेगळा छोटा तंबू ठोकला जायचा. रोज सकाळी त्याला अकरा घागरी पाणी लागायचं आणि ते बायकांनी चढणीवरून आणून तापवून द्यायचं. त्या दिवशी घागर ठेवायला रुक्मा पहिल्यांदाच आतपर्यंत गेली. आत कापडी टब होता, बसायला स्टूल होतं, साबणाला डबी होती, आणि दाराच्या पडद्याला आतून बांधायला सहा नाड्या होत्या. एका माणसाच्या दोन दिवसांच्या आंघोळीला सहा नाड्या. गेल्या हंगामात ह्याच अकरांतल्या दोन घागरी गिरजानं खोकत खोकत आणल्या होत्या.

रुक्मा घागर ठेवून बाहेर आली. घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र तिनं झिलूपुढं पेजेचा वाडगा ठेवला आणि म्हणाली, "औंदा फुला आपल्यासंगं येनार तळावर. माजी पोर काळोखाची वाट बगायची न्हाई. न्हाणी बांदा."

झिलूनं विचारलं, जंगलात कुठं बांधू? तळ तर दर महिन्याला हलतो.

"मंग गाडीवर बांदा," रुक्मा म्हणाली.

झिलूला आधी हसू आलं. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर ते जागच्या जागी विरलं. पाऊसभर तो ओसरीवर बसून विचार करत राहिला. बापाच्या वेळची एक जुनी गाडी गोठ्यामागं पडून होती. ओंडके ओढायला ती निकामी, पण चाकं धड होती. ती त्यानं बाहेर काढली आणि तिच्यावर सात हात लांब, तीन हात रुंद असं घर उभं केलं. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर तट्ट्यांचीच दुहेरी कमान आणि तिच्यामध्ये सुकी पानं दाबून भरलेली. पुढच्या अंगाला मायलेकींपुरती निजायची फळी, दिवसा उचलून भिंतीला अडकवायची. मागच्या अंगाला न्हाणी. ती इतकी बेताची, की आत बसल्यावर एक कोपर पाण्याच्या घंगाळाला लागे आणि दुसरं भिंतीला. तळाच्या फळ्यांना पाणी जायला फटी ठेवल्या. एक फळी उचलती केली. खाली खड्डा खणायचा, वर राख टाकायची, म्हणजे अडीअडचणीला रानात जायला नको. ही फळी करताना झिलू मान वर करीना. घरात असलं काही त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. रुक्मानं मात्र ती फळी चारदा उचलून बघितली.

दाराला आतून खैराची खिटी होती. तिच्यावर झिलूनं दोन दिवस घालवले. तट्ट्याच्या दाराला एवढी दणकट खिटी कशाला, असं लखूनं विचारलं, तर झिलू म्हणाला की दार कसलंही असो, खिटी लागलेली आहे हे बाहेरच्याला कळलं पाहिजे.

पण एक चूक त्याच्या हातून झाली, आणि ती त्या मुलखातल्याच माणसाकडून व्हायची. तिथल्या घरांत पुढच्या अंगाला गुरं बांधायची आणि न्हाणी पार मागच्या दाराला. आंघोळीचं सांडपाणी बैलांच्या वाटेला जाता कामा नये, दिवाळीला त्यांचीच पूजा करायची असते. झिलूनं गाडीलाही तोच नेम लावला. पुढं बैल, म्हणून न्हाणी अगदी टोकाला मागं. गाडी म्हणजे घर नव्हे आणि घराला मधोमध आस नसते, हे चाकांत जन्म घालवलेल्या माणसाला त्या वेळी सुचलं नाही.

पहिली आंघोळ अंगणात झाली. बैल सोडलेले होते, पुढं टेकू लावलेला होता. रुक्मा लुगड्यानिशीच आत शिरली. घंगाळ काठोकाठ भरलेलं. ती खाली बसली मात्र, गाडी उलाळ झाली. पुढच्या दांड्या आभाळाकडं गेल्या, मागचं अंग धाडकन जमिनीला टेकलं, आणि घंगाळासकट रुक्मा दारातून तुळशीजवळ येऊन बसली. फुला हसून लोळली. रुक्माही हसली, गिरजा गेल्यापासून पहिल्यांदा.

न्हाणी पुढं आणा, असं सगळ्यांनी सुचवलं. झिलू ऐकेना, बैलांपुढं न्हाणी तो मेला तरी बांधणार नव्हता. मग पुढं वजन ठेवायचं ठरलं. तांदळाचं पोतं ठेवलं, ते कमी पडलं. तेव्हा लखू उठून घरात गेला आणि गिरजाचं जातं खांद्यावर घेऊन आला. ती गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. ते पुढं ठेवल्यावर गाडी तोलात उभी राहिली.

मार्गशीर्षात बाजारकुणंगच्या गाड्या निघाल्या. ओंडक्यांच्या गाड्या पुढं, लखूची त्यांत, आणि सगळ्यांच्या मागं झिलूचं ते चाकांवरचं घर. तळावर पोचेपर्यंत तुळजा, पुतळी आणि बाकीच्या बायकांनी आपसांत पाळ्यासुद्धा लावून टाकल्या. पहिली पाळी फुलाची, हे न बोलता ठरलेलं होतं.

कृष्णाजी कारभारी घोड्यावरून उतरला आणि त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. दार उघडलं, खिटी सरकवून बघितली, फळी उचलून बघितली. साहेब दुसऱ्याच दिवशी यायचा होता आणि त्याच्या आंघोळीचा तंबू पावसाळ्यात वाळवीनं खाल्ला होता. कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तो म्हणाला, गाडी दोन दिवस साहेबाकडं राहील. हंगामाला आलेले गाडी-बैल ठेकेदाराच्या हुकमाखाली असतात, हे नव्यानं सांगायला नको. झिलूनं हात जोडले, बायकांसाठी बांधलीय म्हणाला. त्यावर कारभारी हसला आणि बोलला, "बायकांना वहाळ हाय की. काय आटला काय?"

हे वाक्य रुक्मानं ऐकलं. तिथं असलेल्या सगळ्यांनीच ऐकलं, आणि सगळ्यांनी खाली बघितलं.

संध्याकाळी गाडीला चुना लागला, दाराला पडदा लागला. साहेबाच्या नजरेला खटकेल ते सगळं बाहेर काढायचा हुकूम झाला. तांदळाचं पोतं निघालं. दोन गड्यांनी गिरजाचं जातं उचललं आणि लीदीच्या ढिगाशेजारी भिरकावून दिलं. रुक्मानं जाऊन ते पदरानं पुसलं. उचलून परत ठेवायला तिला एकटीला जमलं नसतं, आणि ठेवू तरी कुणी दिलं असतं? त्या दिवशीही बायका काळोख पडल्यावर वहाळावर गेल्या. फुला त्यांच्याबरोबर होती. ती काही कुरकुरली नाही, आणि रुक्माला तेच सोसवेना.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. येताच दौऱ्याची धूळ धुवायची म्हणाला. उन्हं डोक्यावर आली होती. कारभारी साहेबाला गाडी दाखवत होता. ही युक्ती माझी, असं तो साहेबाबरोबरच्या दुभाष्याला सांगत होता, म्हणजे साहेबाला कळावं. साहेबानं मान हलवली, पाठीवर थाप मारली. झिलू तिथंच उभा होता. त्याच्या बोटांवरचे पटाशीचे व्रण अजून भरले नव्हते.

अकरा घागरी. रुक्मा, तुळजा, पुतळी, फुला, सगळ्या वर-खाली करत होत्या. घंगाळ भरत आलं तसं रुक्माच्या लक्षात आलं की पुढच्या दांड्या टेकूवरून बोटभर उचलल्या आहेत. आता साहेब आत बसला की काय होणार, हे तिथल्या माणसांत तिच्या घरच्यांनाच पुरतं माहीत होतं. फुलानं आईकडं बघितलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊ लागलं होतं.

रुक्माच्याही मनात आलं, होऊ दे. साहेब पडू दे, कारभाऱ्याची पाठ शेकू दे. पण गाडी मोडली असती. ती गाडी साहेबाची नव्हती आणि कारभाऱ्याचीही नव्हती. आपल्या हातांनी उभं केलेलं घर दुसऱ्याची फजिती बघायला मोडून घ्यायचं, हे तिच्या हिशेबात बसेना. आणि साहेब पडला असता तरी संध्याकाळी बायका वहाळावरच गेल्या असत्या.

तिनं अकरावी घागर आत नेऊन ठेवली. मागं वळून तुळजाला आणि पुतळीला एवढंच सांगितलं की पुढच्या दांड्यांवर जाऊन बसा. दोघी बसल्या. मग रुक्मानं पडदा ओढून काढून बाहेर टाकला, दार ओढलं आणि आतून खिटी लावली.

खैराच्या खिटीचा आवाज सगळ्या तळाला ऐकू गेला. पाठोपाठ पाण्याचा आवाज आला.

साहेब टॉवेल खांद्यावर टाकून, साबणाची डबी हातात घेऊन उभा होता. त्याला काही कळेना. कारभारी दाराकडं धावला, तशी तुळजा बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "आत बाई न्हातीय."

कारभाऱ्याचा वर उचललेला हात तसाच राहिला. दुभाष्यानं साहेबाच्या कानात सांगितलं. साहेब कानापर्यंत लाल झाला आणि चटकन पाठ करून रानाकडं तोंड करून उभा राहिला. साहेबानं पाठ फिरवली म्हटल्यावर कारभाऱ्यालाही फिरवावी लागली. मग दुभाषी, मग गडी, मग गाडीवाले. चाळीस बाप्ये भर दुपारी झाडांकडं बघत उभे, आणि मागं एक बाई तब्येतीत अंग घासतेय. झिलूनं पाठ फिरवली ती सगळ्यांच्या शेवटी.

रुक्मा बाहेर आली ती दांडीवर जाऊन बसली आणि तुळजा आत गेली. तुळजा आली, पुतळी गेली. दोघी कायम दांड्यांवर, एक आत. कुणी घाई केली नाही. गिरजाच्या वाटणीच्या दोन घागरी रुक्मानं फुलासाठी राखून ठेवल्या होत्या. फुला आत गेली, खिटी लागली, आणि आत ती चक्क गुणगुणायला लागली. कारभाऱ्याची मानगूट मागून लाल लाल दिसत होती.

सगळं पाणी संपलं तेव्हा कारभारी वळला. साहेबासमोर आवाज चढवता येत नव्हता, म्हणून दात खाऊनच त्यानं सांगितलं की झिलू आणि लखू, दोघांनी बिऱ्हाड उचलायचं, ह्या तळावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. लखू आधीच लीदीच्या ढिगाकडं गेला होता. जातं खांद्यावर घेऊन तो गाडीकडं येत होता.

फुला दांडीवर बसून केस उन्हात मोकळे सोडत होती. त्या तळावर कुठल्याही बाईनं उन्हात केस वाळवलेले आजवर कुणी पाहिले नव्हते. रुक्मानं बोटांनी तिचा गुंता सोडवायला घेतला आणि कारभाऱ्याकडं न बघताच म्हणाली, "पोरीचं केस वाळू द्यात. मंग जातो आमी."