नामाभावजींचा पिसाचा गळ

लग्न होऊन मी सासरी आले, त्याच आठवड्यात घरच्या कोंबड्याची मान बोडकी दिसली. वाटलं, कसला रोग पडला असेल. तेवढ्यात खळ्यातून सूं सूं आवाज आला. पाहते तर माझे धाकटे दीर, नामाभावजी, कोरड्या खळ्यात उभे राहून वेळूच्या काठीनं मेण चोळलेली दोरी हवेत मागेपुढे फिरवत होते. पाण्याचा कुठे पत्ता नाही! दोरीच्या टोकाला कोंबड्याचं पीस. ते समोरच्या गोवरीवर अलगद टेकलं की स्वारी खूश.

ही विद्या त्यांनी पूर्णेहून आणली होती. तिथे रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाकडे ते पाणी भरायला होते. साहेब गळाला पीस बांधून मासे धरायचा. पण शिवडा, म्हणजे आमच्या कयाधू नदीतला तो लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा, पिसाला भुलणार नाही, त्याला सडकं मांसच लागतं, असं साहेबानं सांगितलं. गावच्या भोयांनीही तेच सांगितलं. झालं! सगळे नाही म्हणाले की भावजींना चेव यायचा. "शिवड्याला कुनी इचारलं का, वैनी?" एवढंच म्हणायचे.

बरेच उन्हाळे रिकाम्या हातानं परतल्यावर त्यांना उमगलं, की ऊन कललं की शिवडा तळ सोडून लहान माशांमागे उथळात येतो. पीस त्या माशांसारखं चालवलं तर झडप घालतो. सावली मात्र पाण्यावर पडता कामा नये. पहिला शिवडा त्यांनी काठावरच भाजला, कारण सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळी चालत नसे. मी बोटं चाटून खाल्ला आणि घरी येऊन तसं सांगितलंही.

मोठे शिवडे होते गावाखालच्या डोहात, आणि डोह जागीरदाराचा. रयतेला तिथे गळ टाकायची मनाई. भावजी दिवसाउजेडी जाऊन उभे राहत. जागीरदाराच्या कारभाऱ्यानं त्यांचा वेळू गुडघ्यावर मोडला. "मोडा. बेटात वेळू उगवूनच राहिला," भावजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवा घेऊन हजर. मग चावडीवर त्यांच्या पाठीवर कोरडे ओढले. हळद-तेल लावताना मी चिडून म्हटलं, "काहून नादी लागता, भावजी? नदी काय थोडी हाय?"

"नदी लय हाय, वैनी. पन त्यो न्हाई म्हनला ना!"

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, जागीरदारही गाव सोडून गेला. पाऊसकाळ सरून पाणी निवळलं आणि गावाला उधाण आलं. विहिरी फोडायचे सुरुंग डोहात उडवायचे, जागीरदाराचे सगळे मासे एकदम वर काढायचे, असं ठरलं. पुढे कोण, तर आमचे हे, भावजींचे सख्खे थोरले भाऊ. हातात आगपेटी.

आम्ही काठावर पोचलो तर भावजी कमरेएवढ्या पाण्यात उभे. अंग उघडं, दोरी हवेत फिरतेय.

"नामा, भायेर ये!" हे ओरडले. "आता डोह आपला हाय."

"आपला हाय म्हनून सुरुंग लावून राहिला व्हय, दादा? जागीरदारानं माझा वेळू मोडला. डोह न्हाई मोडला. लाव काडी. मी न्हाई हलत."

कुणी हसलं, कुणी म्हणालं, ओढून काढा त्याला. यांनी काडी ओढली. यांचा राग मला ठाऊक होता. गावासमोर माघार घेणारा हा माणूस नव्हे. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला. जिला मी हळद लावली होती ती पाठ सगळ्या गावाला दिसत होती, आणि एकालाही काही वाटत नव्हतं. मी लुगडं वर खोचलं आणि गावादेखत पाण्यात उतरले. भावजींच्या शेजारी जाऊन यांच्याकडे तोंड केलं.

"लावा आता."

काडी यांच्या बोटाला चटका देऊन विझली. दुसरी यांनी ओढली नाही. लोक एकेक करून मागे फिरले.

भावजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नजर पिसावर.

"वैनी," ते पुटपुटले, "जरा मागं सरा. तुमची सावली पान्यावर पडून राहिली."