जलंबची भाकर

सुतळीचा वास आला की मला खामगावचा मालधक्का आठवतो. तिथे मी दाभणानं फाटकी पोती शिवायचे. एका उन्हाळ्यात आमच्या हमालांनी सावली पाहून सगळ्यांच्या फडक्यात बांधलेल्या भाकरी मालगाडीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. आम्ही कामात होतो, तेवढ्यात इंजिन आलं आणि डबे जलंब जंक्शनला घेऊन निघालं. "थांबव बे, आमची भाकर हाय त्यात!" एक हमाल ओरडत धावला, पण ऐकतो कोण? नुसतं पाणी पिऊन आणि एकमेकांवर चिडून आम्ही दिवस काढला. संध्याकाळच्या पॅसेंजरच्या गार्डनं आमची फडकी परत आणली. जलंबच्या हमालांनी भाकरी खाल्ल्या होत्या, पण फडकं रिकामं कसं पाठवायचं, म्हणून कशात मुरमुरे, कशात कांदे, कशात गुळाचा खडा बांधला होता. "ठेचा कोनं केला, ते विचारून राह्यले," गार्ड म्हणाला. ठेचा माझा होता. दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या डब्यात मी मुद्दाम एक भाकर ठेवली, वर ठेचा. ते काम सुटून जमाना झाला, तरी माझ्या हातून रोज एक भाकर जास्तच थापली जाते. "हे कोनाची, आई?" सून विचारते. "जलंबची," मी म्हणते.