सोळावं फडकं

बल्गेरियातल्या रूसे शहरात, आमच्या इस्पितळाच्या तळघरात दोन्का एकोणीस वर्षं मळके कपडे निवडते आहे. जुनी इमारत पाडून वीज-पाणी वाचवणारी नवी बांधली, तेव्हा सातही मजल्यांतून थेट आमच्यापर्यंत पत्र्याची दोन नळकांडी उतरली. एक कचऱ्याचं, एक कपड्यांचं. लिफ्टच्या खेपा वाचल्या, ढकलगाड्या गेल्या आणि वरची माणसंही दिसेनाशी झाली. आता येतात त्या नुसत्या पिशव्या, धप्पकन.

ऑपरेशन थिएटरच्या पिशवीला लाल दोरा, बाकीच्यांना पांढरा, ही दोन्कानंच लावलेली शिस्त.

एक मार्चला सकाळी दहाला फोन वाजला. थिएटरची इस्क्रा सिस्टर इतकी किंचाळत होती, की इस्त्रीपाशी मलाही ऐकू आलं.

"मावशी, मोजणी जुळत नाहीये! रक्त टिपायला पोटात सोळा फडकी ठेवलेली, निघाली पंधरा. मोजायच्या आधीच मी एक पिशवी खाली सोडली. बाईचं पोट उघडंय अजून!"

"लाल दोऱ्याची ना? थांब."

फोन स्पीकरवर टाकून दोन्का नळकांड्याखाली गेली आणि थबकलीच. बावीस पिशव्या आणि प्रत्येकीच्या गाठीला लाल-पांढरा दोरा! मार्चच्या पहिल्या दिवशी आम्ही तो एकमेकांच्या मनगटाला बांधतो, आरोग्य लाभो म्हणून. यंदा वरच्यांना आमचा उमाळा आला होता. सगळ्या मजल्यांनी मिळून पिशव्या सजवल्या होत्या.

"डोंबल तुमच्या शुभेच्छा!" म्हणत दोन्कानं जाड हातमोजे चढवले. आत सुई असली तर हातमोज्यालाही जुमानत नाही, तरी ती पिशव्या उपसत सुटली. मला तर वरच्यांचा असा राग आला होता, की बोलायची सोय नाही.

अकराव्या पिशवीत थिएटरच्या हिरव्या चादरी निघाल्या. एका चादरीच्या घडीत रक्तानं भिजलेलं फडकं होतं. "सापडलं!" मी ओरडले.

"सापडलं? शिवायला घेऊ?" फोनवर इस्क्रा रडत होती.

दोन्कानं फडकं दिव्याखाली धरलं. "पोटातल्या फडक्याला निळी रेघ असते ना गं? मग हे नाही. हे हात पुसायचं."

आता वेलेव डॉक्टर फोनवर आले. "बाई, भूल किती लांबवू? पोट मी दोनदा तपासलंय. खाली आहे की नाही, एवढंच सांगा."

दोन्कानं त्या पिशवीतली एकेक चादर पुन्हा झटकली, झग्यांच्या बाह्या उलट्या केल्या. गाठ पक्की होती, वाटेत काही सांडलेलं नव्हतं. ती चुकली तर नसलेलं फडकं पोटात शोधत बसतील आणि बाई टेबलावरच जाईल, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

"खाली नाही," ती म्हणाली. "पोटातच आहे. शिवू नका."

"खात्री आहे?"

"नसती तर बोलले असते का?"

फोन तसाच चालू राहिला. चिमट्यांचा खणखणाट ऐकू येत होता. सहा मिनिटांनी इस्क्राचा आवाज आला, "मिळालं. यकृतामागे." आणि फोन बंद. आभार नाही, काही नाही. दोन्का पिशव्यांच्या ढिगावर बसून ढसाढसा रडली.

दुपारी जिन्याचं दार करकरलं. त्या दारानं वरून कधी कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. इस्क्रा आली होती, डोळे सुजलेले, हातात लाल-पांढरा दोरा. थिएटरात तिला मनगटाला काही बांधता येत नाही. तो ती दोन्काच्या मनगटाला बांधू लागली.

"बांध," दोन्का म्हणाली. "पण पुढच्या वर्षी पिशवीला बांधलास ना, तर तुलाच नळकांड्यातून खाली ओढीन."

"नको मावशी. मी जिन्यानं येईन."