पाकोळ्यांची बारव

गारखेड्याहून वसंताच्या सुनेचा फोन आला, "काका, बाबा गेले," तेव्हा मी चहा गाळत होतो. महिना झाला त्याला. अजून रविवार उजाडला की मी पँट चढवून बसतो... जायचंय कुठं, कुणास ठाऊक.

वसंता आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, मी मराठी. वटवाघळांचं त्याला वेड. जायकवाडीच्या पाणथळ पट्ट्यात कुठल्या गावी कोणती वटवाघळं राहतात, याची वही त्यानं ठेवली होती. रविवारी स्कूटरवर तो पुढं, मी मागं, मांडीवर वही. चिंचेला उलटी लटकलेली थोरली वटवाघळं दाखवून म्हणायचा, "बघ लेका, आपल्या स्टाफरूमपेक्षा शिस्त आहे." फार मजेत गेले ते दिवस, खोटं कशाला सांगू.

एकदा तो तापानं पडला आणि मी एकटाच गेलो. धरणाकाठच्या एका गावात, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपाशी, म्हणजे बारवेपाशी, मेंढ्या राखणाऱ्या सखूबाई म्हणाल्या, "बारवंत लई पाकोळ्या हाईत, मास्तर." मी पिशोरचा. आमच्याकडं पाकोळी म्हणजे संध्याकाळी घिरट्या घालणारं चिमणीएवढं पाखरू. मी आत डोकावलोसुद्धा नाही. ऐटीत लिहिलं: वटवाघळं नाहीत, पक्षी आहेत. मराठीचा मास्तर ना मी.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं बारवेवर जाळी बसवायचं ठरवलं आणि वसंताला विचारलं. त्यानं वही पाहून होकार दिला. पंधरवड्यानं आम्ही दोघं गेलो तर वास येत होता... जाळीखाली लहान लहान वटवाघळं मरून पडली होती. सखूबाई म्हणाल्या, "म्या सांगितलं व्हतं की, पाकोळ्या हाईत म्हणून." त्यांच्याकडं पाकोळी म्हणजे हेच लहान वटवाघूळ. मी तोंड उघडायच्या आत वसंता म्हणाला, "चूक माझी, बाई." जाळी त्यानं त्याच दिवशी काढायला लावली.

त्या बारवेकडं मी पुन्हा फिरकलो नाही. वसंता मात्र दर वर्षी जाऊन यायचा आणि दारातूनच सांगायचा, "आल्या रे तुझ्या पाकोळ्या परत. बारव नुसती भरलीय." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं निवांत झोपलो.

दहाव्यानंतर सुनेनं ती वही माझ्या हातात दिली. सुरुवातीची पानं माझ्या अक्षरातली, पुढची त्याच्या. दर वर्षी एक ओळ: बारव, एकही नाही. गेल्या वर्षीची ओळ शेवटची. तिथंही तेच, एकही नाही... वसंता, लेका, आता भांडू तरी कुणाशी?