उजवीकडचा करडा

त्यांना सगळे चालेलराव म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं असतं तरी ते "चालेल"च म्हणाले असते. सारी नोकरी आवक खिडकीवर गेली: येईल तो कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, पुढे सरकवायचा. घरात तेवढंही काम नव्हतं. पडद्यांपासून जावयापर्यंत सगळं बाईंनी ठरवलं. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवायच्या, म्हणून अख्खी इमारत त्यांना बाईच म्हणते.

या वेळी बहिणीकडे पंधरवड्यासाठी निघताना बाईंनी पिशवी दारातच खाली ठेवली.

"बाहेरच्या खोलीचा रंग तुम्ही ठरवायचा. मला फोन करायचा नाही."

"अगं, पण तू म्हणशील तो..."

"तेच नकोय. चुकलं की माझं, जमलं की आपलं! कंटाळले मी एकटीनं संसार करून. या घरात तुम्हीही राहता, एवढं एकदा दिसू दे मला."

बाई ओरडल्या असत्या तर सवयीचं होतं. त्या शांतपणे बोलल्या होत्या.

रंगाऱ्यानं भिंतीवर दोन पट्टे ओढले. डावा फिकट करडा. उजवाही फिकट करडा. एकाचं नाव 'शिंपला', दुसऱ्याचं 'धुकट सकाळ'. चालेलरावांनी ते उन्हात पाहिले, दिवा लावून पाहिले, चष्मा काढूनही पाहिले. मग शेजारधर्माला ऊत आला. समोरच्या वहिनींना डाव्यात निळसर झाक दिसली. वरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, उजवा किंचित पिवळा आहे, वेळीच लक्ष द्या. इस्त्रीवाला म्हणाला, "काका, दोन्ही पांढरेच आहेत, नीट धुतलेले नाहीत." चालेलराव प्रत्येकाला "चालेल" म्हणाले.

शेवटी रंगारी वैतागला. "काका, तुम्ही काही बोलत नाही, तर मी आपला डावा मारतो. चालेल ना?"

"चा..." एवढंच बाहेर आलं. दारात उभ्या बाई डोळ्यांपुढे आल्या.

"उजवा," चालेलराव म्हणाले. कोण बोललं, म्हणून त्यांनी मागं वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"पण काका, दोघांत फरक काय?"

"फरक नसता तर आठवडाभर मी काय भिंतीची समजूत काढत होतो?"

भिंत रंगत आली तशी नवीच पंचाईत उभी राहिली. डावा पट्टा झाकला गेला, की उरणार नुसती एक करडी भिंत. इथं कुणी काही ठरवलं होतं, हे बाईंना कळणार कसं?

"तो डावा पट्टा ठेवा तसाच."

"अहो, लोक मला हसतील!"

"हसू द्या."

बाई परतल्या. भिंतीच्या ऐन मध्यावर वहीएवढं ठिगळ.

"हे काय?"

"तो मी नको म्हटलेला रंग."

बाईंनी जवळ जाऊन निरखलं. "हाच बरा होता की."

"नाही. त्यात निळसर झाक आहे." ती त्यांना स्वतःला कधीच दिसली नव्हती.

"कुठाय निळसर?"

"आहे. नीट बघ."

"मला काय डोळे नाहीत?"

"आहेत ना, मग बघ."

जिन्यात आम्ही शेजाऱ्यांनी कान टवकारले. त्या घरातून आजवर एकच आवाज बाहेर यायचा.

संध्याकाळी बाईंनी बहिणीला फोन लावला. "अगं, काय सांगू, मुळीच ऐकत नाहीत! ठिगळालासुद्धा हात लावू देत नाहीत." लेक पहिली आल्याचं सांगावं, तशा सुरात त्या हे सांगत होत्या, आणि बहिणीचा फोन ठेवून लगेच त्यांनी नणंदेला लावला.